वैयक्तिक कारणास्तव

मराठी माणूस नोकरी सोडतो तेव्हा दोन ठिकाणी बोलतो. एक राजीनाम्याच्या अर्जात आणि दुसरे निरोप समारंभात. अर्जात तो लिहितो, ‘वैयक्तिक कारणास्तव मी या पदाचा राजीनामा देत आहे, तरी तो मंजूर व्हावा, ही विनंती.’ समारंभात शाल आणि श्रीफळ हातात घेऊन तो म्हणतो, ‘कळत-नकळत माझ्याकडून कोणाचे मन दुखावले गेले असेल, तर मोठ्या मनाने क्षमा करावी.’ मग साहेब उठतात आणि यांची उणीव आम्हाला सतत जाणवत राहील, असे सांगतात. पेढा, वेफर्स, चहा होतो. फोटो निघतो. एवढ्या सगळ्या बोलण्यात माणूस का चालला आहे, हे कोणीही विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही.

खरे बोलणे तिसऱ्याच ठिकाणी होते. कचेरीसमोरच्या चहाच्या टपरीवर, परतीच्या एस.टी.त, रात्री घरी बायकोसमोर. तिथे नावे निघतात, तारखा निघतात, कोणी कोणाचा कसा छळ केला ते निघते. पण ज्या भिंतींनी हे ऐकायला हवे, त्या भिंतींपर्यंत त्यातले काही पोहोचत नाही. ‘जाता जाता कशाला वाईटपणा घ्यायचा?’ या एका वाक्याने आपण तो विषय मिटवतो. हा वाईटपणा घ्यावा की घेऊ नये, एवढाच आजच्या लेखाचा प्रश्न आहे.

निवृत्तीनंतर मी जुन्नर तालुक्यातल्या निमगाव सावा या माझ्या गावी राहतो. इथल्या जुन्या पिढीला राजीनामा हा शब्द फारसा माहीत नव्हता. कांद्याच्या वाफ्याला कोणी राजीनामा देत नाही. आता मात्र गावातली मुले-मुली चाकणला, रांजणगावला, हिंजवडीला कामाला आहेत आणि दोन-तीन वर्षांनी नोकरी बदलणे हा त्यांच्या जगण्याचा भाग झाला आहे. गेल्या हंगामात त्यांच्यातलीच एक मुलगी सुट्टीला आली होती. तिच्या आजोबांचा आणि माझा बांध एक. तिने मला मोबाइलवर कंपनीचा एक फॉर्म दाखवला. ‘सोडण्याचे कारण’ असा प्रश्न आणि खाली निवडायला चार-पाच उत्तरे: उच्च शिक्षण, जास्त पगार, स्थलांतर, वैयक्तिक. शिवाय जाण्याआधी एचआरच्या बाई तासभर मुलाखत घेणार होत्या.

‘नाना, खरं सांगू का नको?’ तिने विचारले.

खरे काय होते ते तिने सांगितले. बारा माणसांचे काम सात जणांवर होते, रात्री अकरापर्यंत बसावे लागे आणि तासांच्या नोंदीत मात्र रोजचे नऊच तास भरायला सांगितले जात. पुढच्या नोकरीत चौकशीचा फोन जुन्या कंपनीतच जाणार, याची तिला भीती होती. ही भीती खोटी नव्हे. म्हणून मी तिला लगेच उत्तर दिले नाही.

या प्रश्नाला आपल्याकडे एक जुने, शेतातले उत्तर आहे. सालगडी पाडव्याला हिशेब करतो. उचल वळती होते, उरलेले पैसे हातात पडतात आणि तो मालकाला राम राम करून निघतो. मालकाविषयी तो मालकासमोर अवाक्षर काढत नाही. पण पारावर त्याच्या जागी येणारा गडी भेटला, तर त्याला तो हमखास सांगतो, की डावा बैल मारका आहे, विहिरीची तिसरी पायरी निसटते आणि मालक दुपारचे जेवण उशिरा धाडतो. ही चुगली नव्हे. मागून येणाऱ्याचा हातपाय शाबूत राहावा म्हणून दिलेली ती खबर आहे. बेल्ह्याच्या बैलबाजारातही भला शेतकरी बैलाची खोड गिऱ्हाइकाला सांगूनच दावे हातात देतो. खोड लपवून विकणाऱ्याला दोन पैसे जास्त मिळतात, पण पुढच्या बाजारात त्याच्या दावणीला कोणी उभे राहत नाही.

तेव्हा बोलावे की नाही याला आपल्या परंपरेत उत्तर आहे. अडचण आहे ती कोणाशी बोलावे, केव्हा आणि कसे, यात. त्यासाठी तीन मोठ्या माणसांचे राजीनामे पाहण्यासारखे आहेत.

पहिला राजीनामा लोकमान्य टिळकांचा. १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल, १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज, असा तो काळ होता. अल्प वेतनावर राहून सारी शक्ती शिक्षणाला द्यायची, हा या मंडळींचा मूळ संकल्प. पुढे वेतनवाढीवरून, बाहेरून मिळणाऱ्या उत्पन्नावरून आणि संस्थेबाहेरच्या कामांवरून मतभेद झाले. गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद घेतल्यावर वाद टोकाला गेला. १८९० च्या अखेरीस टिळक बाहेर पडले. जाताना त्यांनी एका ओळीचा अर्ज दिला नाही. संस्थेला उद्देशून एक दीर्घ पत्र लिहिले. मूळ तत्त्व काय होते, ते केव्हा आणि कशाने ढळले, याचा सारा इतिहास त्यात मांडला. या पत्रातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. कठोर आणि झोंबणाऱ्या भाषेत बोलणे हा आपला मुख्य दोष आहे, हेही त्यांनी त्यात नमूद केले. दुसऱ्यांच्या खात्यावर नोंदी करताना स्वतःच्या नावे एक नोंद करणारा माणूस सूडाने लिहीत नसतो. वाचणाऱ्याला ते कळते.

दुसरा राजीनामा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा. २७ सप्टेंबर १९५१ रोजी त्यांनी केंद्रीय कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्यानंतर संसदेत करायचे निवेदन त्यांनी तयार केले. त्याची सुरुवातच आपल्या आजच्या प्रश्नापासून होते. काही मंत्री निवेदन न करता गेले, काही करून गेले, यात एकसारखी प्रथा नाही, असे ते सांगतात. आपण काय करावे याविषयी काही दिवस आपल्याही मनात चलबिचल होती, हेही सांगतात आणि मग निर्णय देतात, की निवेदन करणे हे राजीनामा देणाऱ्याचे सभागृहाप्रती असलेले कर्तव्य आहे. कारण मंत्रिमंडळाची जबाबदारी सामूहिक असल्यामुळे आतले मतभेद सभागृहाला एरवी कळत नाहीत. शिवाय न बोलता गेलेल्या माणसाच्या वर्तनाविषयी लोक भलते तर्क करू लागतात. बोलण्याची ही दोन्ही कारणे आजही कोणत्याही कचेरीला लागू पडतात.

पुढे त्यांनी एकेक कारण मांडले: खातेवाटप, अनुसूचित जातींची उपेक्षा, परराष्ट्र धोरण, निर्णय मंत्रिमंडळाऐवजी त्याच्या समित्यांत होणे आणि अखेर हिंदू कोड बिल. एक ‘वैयक्तिक कारण’ त्यांच्या हाताशी आयते होते. प्रकृती खरोखरच ठीक नव्हती आणि त्या कारणावर सगळे सुखाने पडदा टाकू शकले असते. आजारपणामुळे आपण कर्तव्य सोडणाऱ्यांतले नाही, असे स्पष्ट सांगून त्यांनी ते कारण नाकारले. मग आधी का गेला नाहीत, या संभाव्य आक्षेपालाही त्यांनी निवेदनातच उत्तर दिले. निवेदनाची प्रत आधी सादर करावी, असा आग्रह सभागृहात झाला तेव्हा ती अट न मानता ते सभागृहातून बाहेर पडले आणि निवेदन वृत्तपत्रांकडे दिले.

तिसरा राजीनामा आम्हा बँकवाल्यांच्या विशेष जिव्हाळ्याचा. चिंतामणराव देशमुख हे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९४३ ते १९४९. पुढे १९५० पासून केंद्रीय अर्थमंत्री आणि १९५२ पासून कुलाब्याचे खासदार. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई शहर केंद्रशासित करण्याचा निर्णय जाहीर झाला आणि मुंबईत गोळीबार झाले. देशमुखांनी तेव्हाच राजीनामा देऊ केला होता, पण त्यांना थांबायला सांगण्यात आले. अखेर जुलै १९५६ मध्ये लोकसभेत निवेदन करून ते बाहेर पडले. मुंबईविषयीचा निर्णय मंत्रिमंडळात रीतसर चर्चा न होता जाहीर झाला आणि गोळीबाराची न्यायालयीन चौकशी नाकारली गेली, हे त्यांचे मुख्य आक्षेप होते. पंतप्रधान समोर बसलेले असताना ते बोलले. आधी आत सांगितले, मग पत्राने सांगितले आणि मगच बाहेर सांगितले. जाहीर बोलण्याला त्यांनी शेवटची पायरी मानले, पहिली नव्हे. आणखी एक गोष्ट. त्याच वर्षी ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. जाताना खरे बोलणाऱ्याला पुढची सारी दारे बंद होतात, असा आपला समज असतो. तो दर वेळी खरा ठरत नाही.

याच्या उलट उदाहरणही त्याच रिझर्व्ह बँकेचे आहे. १० डिसेंबर २०१८ रोजी गव्हर्नर उर्जित पटेल यांनी मुदत संपण्याआधी पद सोडले. सरकार आणि रिझर्व्ह बँक यांच्यातले मतभेद त्याआधी काही आठवडे वर्तमानपत्रांत गाजत होते. पत्रात कारण होते, वैयक्तिक. त्या पदावरच्या माणसाच्या एका वाक्याने बाजार हलतो, हे मी जाणतो. म्हणून त्या मौनाला मी नावे ठेवणार नाही. पण देशाच्या मध्यवर्ती बँकेच्या प्रमुखाला आणि तालुक्याच्या शाखेतल्या कारकुनाला राजीनाम्यासाठी तेच दोन शब्द वापरावे लागावेत, ही विचार करण्याजोगी गोष्ट आहे.

इथे वाचक म्हणतील, की टिळक, आंबेडकर, देशमुख यांचे ठीक आहे. त्यांना सभागृह होते, वृत्तपत्र होते, नाव होते. आमच्या हातात काय आहे? अनुभवाचा दाखला साहेबाच्या सहीचा, फंडाचे कागद त्याच्याच टेबलावर. हा आक्षेप रास्त आहे. म्हणून लहान माणसांची एक गोष्ट सांगतो. बँकेचे नाव सांगत नाही, कारण ती कोणत्याही बँकेची असू शकते.

मी एका शाखेचा चार्ज घेतला, तेव्हा जुन्या फायलींत एका बाईंचा राजीनामा पाहिला. नोकरी अठरा वर्षांची. बँकेत वीस वर्षे झाल्यावर स्वेच्छानिवृत्ती घेता येते आणि पेन्शन मिळते. राजीनामा दिला तर आधीची सेवा पेन्शनसाठी धरली जात नाही. दोन वर्षे कळ काढली असती तर त्या बाईंना जन्मभर पेन्शन मिळाले असते. अर्जात एकच ओळ होती, ‘कौटुंबिक कारणास्तव.’ शाखेतल्या शिपायाने मला खरे कारण सांगितले. तेव्हाचे साहेब दिवसाचा हिशेब रोज संध्याकाळी उशिरा मिटवायला घेत. बाई एस.टी.ने ये-जा करायच्या. शेवटची गाडी चुकली की रात्री रस्त्यावर उभे राहायचे किंवा ओळखीच्या कोणाची विनवणी करायची. त्यांच्या जागी दुसऱ्या बाई आल्या. सहा महिन्यांत त्यांनी बदली मागून घेतली, कारण वैयक्तिक. तिसरा एक तरुण कारकून आला. त्यालाही तेच भोगावे लागले. त्याने मात्र बदलीच्या अर्जाला दोन पानांचे टिपण जोडले. त्यात विशेषण एकही नव्हते. तारीख, व्यवहार संपल्याची वेळ, हिशेब मिटवायला घेतल्याची वेळ, मस्टरवरची वेळ, शेवटच्या गाडीची वेळ, अशा महिनाभराच्या नोंदी होत्या. एक प्रत साहेबांना आणि एक क्षेत्रीय कार्यालयाला. त्यानंतर शाखेला दिवस मिटवण्याची वेळ ठरवून देणारे पत्र आले. मी चार्ज घेतला तेव्हा ते पत्र काचेखाली होते.

त्या तरुणाचे काय झाले? त्याची बदली झाली, पण मागितली तिथे नव्हे, दूरच्या शाखेत. खरे बोलण्याची किंमत पडत नाही, असे मी म्हणणार नाही. पण न बोलण्याचीही किंमत पडते. ती आपल्याला भरावी लागत नाही, मागून येणारा भरतो. पहिल्या बाईंनी स्वतःचे पेन्शन सोडले, तरी दुसऱ्या बाईंची शेवटची गाडी चुकायची थांबली नाही. दोष त्या बाईंचा नव्हे. एवढे सोसलेल्या माणसाकडून आणखी धैर्य मागण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण ते एका ओळीचे पत्र वाचून कारण विचारण्याचे काम ज्याचे होते, त्याने ते केले नाही, हे तर खरे.

बँकेत शाखाधिकारी बदलला, की चार्ज देण्या-घेण्याचा रिवाज असतो. रोकड मोजायची, किल्ल्या सोपवायच्या, तारण-कागदपत्रांची यादी टिकमार्क करून घ्यायची. कोणत्या कर्जाच्या वचनचिठ्ठीची तीन वर्षांची मुदत भरत आली आहे, कोणते खाते थकले आहे, कोणत्या तारणाची पाहणी राहिली आहे, हे लिहून द्यायचे. शेवटच्या रकान्यावर मथळा असतो ‘शेरा’. या यादीला कोणी तक्रार म्हणत नाही. थकलेले खाते यादीतून लपवले, तर दोष लपवणाऱ्यावर येतो आणि लिहिले, तर तो प्रामाणिकपणा ठरतो. मला वाटते, नोकरी सोडताना बोलायचे ते या चार्जच्या यादीसारखे. मन मोकळे करायला घर आहे, मित्र आहेत. कचेरीत सांगायचे ते पुढच्या माणसाच्या उपयोगाचे.

या कसोटीने पाहिले, की बऱ्याच गोष्टी आपोआप सुटतात. साहेब मला हसले नाहीत, माझ्याआधी धाकट्याला बढती मिळाली, असल्या गोष्टी चार्जच्या यादीत बसत नाहीत. आपल्याबरोबर त्या संपतात. पण कामाला माणसे अपुरी आहेत, नोंदी खोट्या भराव्या लागतात, यंत्राची जाळी तुटली आहे, अमुक साहेबाच्या हाताखाली वर्षात चार जण गेले, या गोष्टी आपल्या मागे राहणार आहेत. त्या लिहाव्यात. लिहिताना तारीख आणि घटना द्यावी, माणसाच्या स्वभावाचे वर्णन करू नये. ‘अमुक उर्मट आहे’ हे मत झाले. ‘अमुक तारखेला असे झाले’ ही नोंद झाली. मतावर वाद होतो, नोंदीची चौकशी होऊ शकते. आणि जिथे काही करणे शक्य आहे अशाच माणसाला ते द्यावे. निरोप समारंभात माइकवरून बोललेले सत्य टाळ्या मिळवते, पण फाइलला लागत नाही.

दोन सावधगिऱ्याही सांगतो. ज्याचे पोट त्या दाखल्यावर आहे, त्याने आधी दाखला आणि हिशेब पदरात पाडून घ्यावा, मग टिपण द्यावे. याला कोणी भित्रेपणा म्हणेल. मी त्याला शहाणपण म्हणतो. घर चालवायचे असलेल्या माणसाने हौतात्म्य पत्करलेच पाहिजे, असे नाही. दुसरे, काही गोष्टी जाण्याच्या दिवसापर्यंत थांबवू नयेत. जिवाला धोका असेल, पैशाचा अपहार असेल, तर त्याची वाच्यता तेव्हाच झाली पाहिजे. बाईचा लैंगिक छळ होत असेल, तर त्यासाठी २०१३ चा कायदा आहे, अंतर्गत तक्रार समिती आहे आणि तक्रारीला घटनेपासून तीन महिन्यांची मुदत आहे. तिची जागा निरोपाच्या मुलाखतीत नाही.

‘खाल्ल्या मिठाला जागावे’ असे आपण म्हणतो आणि मौनाला निष्ठा समजतो. पण मीठ कोणाचे? साहेबाच्या खिशातले नव्हे, संस्थेचे. संस्थेच्या भिंतीला ओल आली आहे, हे पाहून गुपचूप निघून जाणारा मिठाला जागला, असे कसे म्हणायचे? ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण मूठ आपली असते तोवर ठीक. संस्थेची मूठ झाकून ठेवली, की कधी तरी ती रिकामी निघते आणि तेव्हा ठेवीदार दाराशी उभे असतात. सहकारी बँका बुडाल्या, त्या काही एका रात्रीत बुडाल्या नाहीत. त्या बुडण्याआधी कितीतरी प्रामाणिक माणसे तिथून वैयक्तिक कारणास्तव निघून गेली असतील.

ऐकणाऱ्यांसाठीही दोन शब्द. एचआर नावाचे खाते मुलाखत घेते, कागद भरते आणि कपाटात ठेवते. जाणाऱ्याचे बोलणे जर चुलीतच जाणार असेल, तर त्याला बोलायला लावणे ही फसवणूक आहे. एकाच टेबलावरून वर्षात तीन माणसे ‘वैयक्तिक’ कारणाने गेली, तर चौथ्याची वाट न पाहता त्या टेबलाकडे जाऊन पाहावे. एवढे केले, तरी निरोपाच्या मुलाखतीचे सार्थक होईल.

त्या मुलीला मी शेवटी हेच सांगितले. टीममध्ये असताना हे वरिष्ठांच्या कानावर घातले होते का, असे विचारले. तिने दोनदा मेल केली होती. मग म्हटले, ‘अगं, मग नवीन काही बोलायचंच नाहीये तुला. त्या दोन मेलच्या तारखा, माणसं किती हवीत आणि किती आहेत तो आकडा, तासांच्या नोंदीचा प्रकार, एवढं एका पानावर लिही. कोणाला शिवी नको, कोणाचं कौतुकही नको. रिलीव्हिंग लेटर हातात आलं की दे.’ तिने तसे केले. पुढे त्या पानाचे काय झाले, ते तिला कळले नाही. बाहेर पडलेल्याला ते कळण्याची सोय नसते.

मग उपयोग काय, असे तिचे वडील मला म्हणाले. त्यांना मी हिंदू कोड बिलाची गोष्ट सांगितली. १९५१ साली ज्याच्यासाठी राजीनामा झाला ते विधेयक त्या वेळी बारगळले. पुढे १९५५ आणि १९५६ साली त्याचेच भाग विवाह, वारसा, पालकत्व आणि दत्तक यांचे चार कायदे होऊन आले. जे निवेदन सभागृहात वाचले गेले नाही, ते आज सात दशकांनंतरही लोक वाचतात. हे निवेदनामुळेच झाले, असे मी म्हणत नाही. आपल्या शब्दाचा उपयोग केव्हा होईल, की होणारच नाही, हे जाणाऱ्याच्या हातात नसते. त्याच्या हातात फक्त यादी असते. रोकड मोजून द्यावी, किल्ल्या सोपवाव्यात, हार घालून घ्यावा आणि शेऱ्याचा रकाना कोरा ठेवू नये.